धूळ, धूर आणि ठसका



स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीतल्या माणसालाही ठसका लागतो. डोळे पाणावतात, श्वास क्षणभर अडतो. डोळ्यांतल्या आणि नाकाघशातल्या मज्जातंतूंनी मेंदूला दिलेला तो इशारा असतो: ही हवा आत घेऊ नकोस.

हा इशारा मोजण्याची रीत अमेरिकेत ईव्ह अलारी या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात बसवली. उंदराचं धड काचेच्या नळीत आणि डोकं चाचणीच्या हवेत. झोंबणारा वायू सोडला की उंदराचा श्वास मंदावतो. ज्या प्रमाणाला तो निम्म्यावर येतो, ते त्या वायूच्या झोंबण्याचं माप. दहा लाख भाग हवेत अमोनिया सुमारे ३०० भाग असावा लागतो. फॉर्माल्डिहाइडचे तीनेक भाग पुरतात. कामगारांसाठी हवेच्या मर्यादा ठरवताना अशी मापं उपयोगी पडली.

त्याआधी, १९५७ साली, मेरी अ‍ॅमडर यांनी गिनीपिगांवर केलेलं काम मला आपल्या सोलापूरसाठी फार मोलाचं वाटतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्यांनी एकटा दिला, तेव्हा श्वासनलिका थोडी आवळली. त्यातच मिठाचे अतिसूक्ष्म कण मिसळले, तेव्हा ती कितीतरी जास्त आवळली. मीठ एरवी निरुपद्रवी. पण नाकाच्या ओलाव्यात बराचसा अडणारा वायू कणांच्या सोबतीनं खोल उतरला.

आपलं सोलापूर कमी पावसाचं, कोरड्या मातीचं. धूळ इथे बारमाही. त्यात वाहनांचा, कोळशाचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर मिसळतो; म्हणजे त्या प्रयोगासारखेच कण आणि वायू एकत्र येतात. केंद्र सरकारनं २०१९मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत सोलापूर आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं असं, की धूळ वेगळी आणि धूर वेगळा असा हिशेब करू नका. रस्ता झाडण्याआधी पाणी शिंपडा. कचरा पेटवू नका, शेजाऱ्यालाही पेटवू देऊ नका. आणि वास येईनासा झाला म्हणजे हवा निवळली, असं समजू नका. वासाला नाक लवकर सरावतं.

नळीतल्या उंदराला डोकं बाजूला घेता येत नव्हतं. जळत्या कचऱ्याशेजारच्या घरात झोपलेल्या तान्ह्या बाळालाही ते जमत नाही. त्याच्यासाठी हवा आपणच राखायची आहे.