पाठीच्या कण्यातला दुहेरी रस्ता



समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कामगार पत्र्याच्या छपरावरून पडला, किंवा मळ्यात कुणी नारळावरून खाली आला. चार माणसं धावतात. दोघं बगलेत हात घालतात, दोघं पाय धरतात आणि त्याला रिक्षात कोंबतात. मनात दयाच असते. पण एवढ्या उचलण्यानं तो माणूस जन्माचा अंथरुणाला खिळू शकतो. असं का, ते आज पाहू.

मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली एक मऊ दोरी येते. तिला मज्जारज्जू म्हणतात. करंगळीएवढी जाड, साधारण दीड फूट लांब. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या अंगभर पसरतात. यांतले संवेदी तंतू बातमी वर नेतात : काटा टोचला, पाणी गार आहे. प्रेरक तंतू हुकूम खाली आणतात : पाय उचल, मूठ आवळ. बातमी रज्जूत पाठीच्या बाजूनं शिरते, हुकूम पोटाच्या बाजूनं बाहेर पडतो. वाटेत बहुतेक तंतू बाजूही बदलतात. म्हणून मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, तर डावं अंग लुळं पडतं.

गुरुजी आणि बाई, वर्गात एक प्रयोग करा. मुलाला बाकावर पाय लोंबते सोडून बसवा आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेनं हलकेच मारा. पाय आपोआप उडतो. हा हुकूम मेंदूचा नव्हे, मज्जारज्जूनं परस्पर दिलेला. म्हणून लक्षात ठेवा, जखमी माणसाचा पाय नुसता झटकला, म्हणजे मेंदूपर्यंतचा रस्ता शाबूत आहे असं नव्हे.

रस्ता कुठं तुटला, यावर सारं अवलंबून असतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे जवान मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. पण हातांचे मज्जातंतू मानेतून निघतात, जखमेच्या कितीतरी वर. ते शाबूत राहिले. त्या हातांच्या बळावर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हीच इजा मानेत झाली असती, तर हातही गेले असते.

आता पुन्हा आपल्या पडलेल्या माणसाकडं येऊ. कधी मणका मोडलेला असतो, पण आतली दोरी अजून धड असते. त्याला बसतं केलं, वाकवलं, की मोडकं हाड त्या दोरीत घुसतं. तुटलेले तंतू हाडासारखे पुन्हा सांधत नाहीत. तेव्हा त्याला आहे तसाच पडू द्या. डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरा. पायाची बोटं हलतात का, हात लावलेला कळतो का, एवढं विचारा. होय म्हणाला तरी उठवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. आग किंवा पाण्यामुळं हलवणं भागच असेल, तर डोकं, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसं सगळ्यांनी एकदम वळवून फळीवर घ्या.

धावून जाणं आपला धर्मच आहे. पण तिथं पोहोचल्यावर पहिलं काम उचलण्याचं नाही, सांभाळण्याचं आहे.