यात्रेची वाट आणि रात्रीची वेळ

(संस्थानच्या अग्रशाळेत भरलेल्या महाजन कुटुंबांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आगामी माहूर-बासर यात्रेचे छापील पत्रक आपणा सर्वांच्या हाती पडलेच आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहूरच्या रेणुकामातेचे सायंकाळी दर्शन घ्यावयाचे, किनवटमार्गे आदिलाबाद गाठून तेथे रात्रीचे भोजन करावयाचे, दहाच्या सुमारास पुन्हा गाड्यांत बसावयाचे, आणि वसंतपंचमीच्या पहाटे गोदावरीकाठी बासरच्या श्रीसरस्वतीच्या पायांशी आपल्या बालकांचा अक्षरारंभ करावयाचा, असा हा बेत आहे. बेत आखणाऱ्यांच्या भक्तीविषयी व परिश्रमांविषयी मला आदरच आहे. परंतु आदिलाबादेत माझ्या कन्येचे बिऱ्हाड असल्याने त्या रस्त्याने माझे अनेकदा जाणे-येणे झाले आहे. त्या परिचयाच्या बळावर आज मी एक विनंती करण्यास उभा आहे. आदिलाबाद ते बासर हा टप्पा रात्री न करता दिवसाउजेडी करावा, एवढीच ती विनंती. तिची कारणे क्रमाने मांडतो.

प्रथम त्या वाटेचा परिचय करून देतो. नागपूरहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता; २०१० साली देशभरातील महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हापासून तो ४४ झाला. श्रीनगर ते कन्याकुमारी जोडणारा हा देशातील सर्वांत लांबीचा महामार्ग होय. आदिलाबादेहून गुडीहतनूर, इच्चोडा, नेरडीगोंडा अशी गावे घेत तो निर्मळकडे उतरतो. निर्मळपर्यंतचे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. तेथून भैंशामार्गे बासरला जावयाचे. एकूण प्रवास दीडशे किलोमीटरांच्या आसपास भरतो. २०१६ साली जुन्या विस्तीर्ण आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि निर्मळ व बासर हे निर्मळ जिल्ह्यात गेले. आदिलाबादच्या बाजारात मराठी सहज चालते, त्यामुळे तेथे आपल्या माणसाला परकेपणा वाटत नाही. रस्ताही उत्तम, चौपदरी आणि गुळगुळीत आहे. कोणी म्हणेल, मग भय कसले? माझ्या मते भय आहे ते याच गुळगुळीतपणाचे. खडबडीत रस्ता चालकाला जागे ठेवतो. चांगला रस्ता त्याला निश्चिंत करतो.

मात्र या रस्त्यावरून केवळ दूरची वाहने जातात असे नाही. आजूबाजूची गावे याच रस्त्यावर नांदतात. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम सुरू होतो आणि पुढे कित्येक आठवडे बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रका बाजाराच्या दिशेने चाललेल्या असतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी कापूस असा फुगून बाहेर आलेला असतो की मागचा दिवा, असलाच तर, त्याआड दडून जातो. बैलगाडीला तर दिवाच नसतो. त्यात तेलंगणातील कडाक्याच्या थंडीबद्दल हा जिल्हा प्रसिद्ध आहे. पौष-माघात पहाटेचे धुके रस्त्यावर उतरले म्हणजे समोरचे काही दिसेनासे होते.

आणखी एक गोष्ट आपणा महाजनांनी विशेष ध्यानात घ्यावी. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. तो गोंड समाजातील मेसराम कुळाचा देव आहे. आपण जसे आपल्या देवस्थानाचे महाजन, तसे मेसराम कुळातील लोक नागोबाचे. पौष अमावस्येच्या महापूजेसाठी ते जन्नारम मंडलात जाऊन गोदावरीचे जल आणतात, आणि हा सारा प्रवास अनवाणी पायांनी करतात. अमावस्येपासून पुढे काही दिवस जत्रा चालते. आपली वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे त्या अमावस्येनंतर अवघ्या पाच दिवसांनी येते. केसलापूरकडे जाणारा फाटा गुडीहतनूरलाच आपल्या महामार्गाला मिळतो. तात्पर्य, आपण ज्या रात्री त्या वाटेने जाणार आहोत त्या सुमारास कडेने जत्रेची माणसे, त्यांची बायकामुले, त्यांच्या बैलगाड्या परतत असणार. त्यांचा देव आणि आपला देव निराळे असतील, परंतु यात्रा एकाच जातीची आहे. त्यांच्या अंगावर गाडी घालून आपण सरस्वतीच्या दर्शनास पोहोचलो, तर त्या दर्शनाला कोणता अर्थ राहील?

आता थोडे हिशेबाचे बोलतो. कचेरीत आकडे मांडण्यात ज्याची हयात गेली त्याने आकड्यांवाचून बोलू नये. रात्री समोरून वाहन येत असता दिव्याचा झोत खाली करावा लागतो, आणि अशा झोतात सुमारे ४० ते ५० मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो, आणि त्यानंतरही गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी चांगली मोटार थांबण्यास एकंदर सुमारे ४५ मीटर घेते. ताशी ८० ला हेच अंतर ७० मीटरांवर जाते, आणि ताशी १०० ला जवळजवळ १०० मीटर होते. भरलेल्या बसला याहूनही अधिक लागते. म्हणजे ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्या चालकाला बिनदिव्याची बैलगाडी दिसते, तेव्हा ती टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. येथे चालकाचे कौशल्य उपयोगी पडत नाही, कारण वजाबाकीच उणे येते. २०१८ साली केंद्र सरकारने चौपदरी मार्गांवर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरविली. पण ती मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता यावे, हाच रात्रीचा खरा वेग होय.

दुसरा हिशेब झोपेचा. माहूरच्या गडावर चढउतार करून, दिवसभर गाडी हाकून चालक आदिलाबादेस येणार. पहाटे पाचला उठलेला मनुष्य रात्री दहाला सतरा तास जागा असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे दाखवून दिले की सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व डोळे, रक्तात शंभर मिलिलीटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंद होतात. आपल्या मोटार वाहन कायद्याने ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. थेंबभरही न घेतलेला आपला सज्जन चालक अशा रीतीने मद्यपी चालकाच्या पंक्तीस जाऊन बसतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. डोळा तीन सेकंद जरी मिटला, तरी ताशी ८० च्या वेगात गाडी ६५ मीटरांहून अधिक अंतर आंधळेपणाने कापते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणास मुकले. तो महामार्ग देशातील अत्याधुनिक मार्गांपैकी एक आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

भाड्याच्या बसचा चालक आपल्याला नकार देत नाही, कारण त्याचे पोट आपल्या हाती असते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सामान्यतः दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. कायद्याची पुस्तके कालांतराने बदलतात, परंतु माणसाच्या डोळ्यांची गरज बदलत नाही. आपण भक्तनिवासात गादीवर निजायचे आणि चालकाने बसच्या दोन आसनांमध्ये अंग मुडपून पडायचे, ही रीत आपल्या यात्रांतून गेली पाहिजे. चालकाच्या शय्येची सोय हा खर्चाच्या यादीतील पहिला रकाना असावा.

माझ्या सूचनेवर आक्षेप येतील, ते मी जाणतो. पहिला असा की पहाटेचा मुहूर्त चुकेल. परंतु बासरला अक्षरारंभ वर्षभर होत असतो, आणि पंचमीचा दिवस पहाटेबरोबर संपत नाही. धुके विरल्यावर सात-साडेसातला आदिलाबाद सोडले, तर वाटेत चहा घेऊनही दुपारच्या आत आपण पोहोचतो. ज्यांना पहाटच हवी त्यांनी माहूरचे दर्शन एक दिवस अगोदर ठेवावे. दुसरा आक्षेप खर्चाचा व रजेचा. एका मुक्कामाचा खर्च माणशी वाटला तर फार होत नाही; आणि रजेचे म्हणाल, तर इस्पितळात घालवावी लागणारी रजा कोणी आधी मंजूर करून घेत नाही. तिसरा आक्षेप श्रद्धेचा, की देवकार्यास निघालेल्याचे देव रक्षण करतो. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे आणि बुद्धीला सारथी. सारथ्याला निजवून रथ देवावर सोपवावा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही.

रस्त्यावर शेजाऱ्याची रीत पाळावी लागते. पोर्तुगालने १९२८ साली उजव्या बाजूने वाहने चालविण्याचा नियम स्वीकारला, परंतु गोव्यात मात्र आपली वाहने डावीकडूनच चालत राहिली, कारण सभोवतालच्या मुलखात तीच रीत होती. मायदेशाचा नियम एकीकडे राहिला आणि शेजाऱ्याची सोय मोठी ठरली. आदिलाबादच्या वाटेवर आपले शेजारी पायी चालणारे आहेत. त्यांच्या चालीशी आपला वेग जुळवून घेणे हे आपले काम आहे.

स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांसाठी दोन शब्द. मागच्या आसनावरही पट्टा बांधावा. तो कायद्याने बंधनकारकच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री निधन पावले, ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आजीच्या मांडीवर बसलेले मूल सुरक्षित असते, हा समज सोडून द्यावा. धक्क्याच्या क्षणी कोणत्याही आजीच्या हातांत ते बळ राहत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील दहांपैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. वाटेत कोणाचा अपघात दिसल्यास तोंड फिरवून पुढे जाऊ नये. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलीस, आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३. जखमीस साहाय्य करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताच्या सात दिवसांपर्यंतच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची रोकडविरहित योजनाही लागू झाली आहे.

या अग्रशाळेत यापूर्वी जत्रेहून परततानाच वाटेत गेलेल्या आपल्या माणसांसाठी आपण उभे राहून मौन पाळले आहे. त्यांची नावे घेऊन मी कोणाच्या जखमा उघड्या करीत नाही. प्रत्येक वेळी आपण प्रारब्धाला बोल लावला. वेळापत्रक कोणी तपासले नाही. या खेपेस ज्यांच्या हाती पाटी द्यावयाची ती बालके गाडीत असणार आहेत. म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र प्रार्थना आहे की, पत्रकातील “रात्रौ १० वाजता प्रस्थान” ही ओळ खोडून तेथे “आदिलाबाद येथे मुक्काम” असे लिहावे, प्रत्येक बसबरोबर दोन चालक असावेत, आणि वेगावर नजर ठेवण्यासाठी प्रत्येक गाडीत एका ज्येष्ठ महाजनाची नेमणूक व्हावी. मुक्कामाच्या व्यवस्थेत आदिलाबादेतील माझी कन्या व जावई यथाशक्ती हातभार लावतील, असे त्यांनी मला कळविले आहे.