केलेलं काम कागदावर आणा

माण-खटावच्या आणि शिवेपलीकडच्या आटपाडीच्या सगळ्या बायांना आमचा रामराम.

आज आम्ही सरकारी नोकरीच्या अर्जाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही वरच्या जागेच्या. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आहे की! आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना आज कॉलेजात शिकवतात, दवाखान्यात आहेत, मुलींचं वसतिगृह सांभाळतात. त्यांनी वरच्या जागेसाठी अर्ज केला, तर तो कुठं अडतो ते आम्ही जवळून पाहिलंय.

आमच्याच गटातल्या एकीच्या लेकीचं सांगतो. जाहिरातीत पदवीनंतर पाच वर्षांचा देखरेखीच्या कामाचा अनुभव मागितला होता. पोरीनं एका संस्थेत सात वर्षं काम केलेलं. संस्थेनं दाखला दिला, त्यात दोनच ओळी: ‘सात वर्षांपासून आमच्याकडे कामाला आहेत. वर्तणूक चांगली आहे.’ कुठल्या तारखेपासून, कुठल्या पदावर, पूर्णवेळ की अर्धवेळ, काही नाही. कागद तपासायच्या दिवशी तिला परत पाठवलं. घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. सातातली दोन वर्षं पदवीच्या आधीची होती. ती वजा केली तर बरोबर पाच उरत होती. म्हणजे पोर पात्र होती, दाखला अपुरा होता. नवा दाखला मिळेस्तोवर वेळ निघून गेली.

राज्यसेवेच्या परीक्षेला पदवी पुरते. पण महाराष्ट्र लोकसेवा आयोग, म्हणजे आपली एमपीएससी, काही वरच्या जागा सरळ जाहिरात देऊन भरते. कॉलेजातले प्राध्यापक, सहायक संचालक, उपसंचालक अशा जागा. तिथं पदवीबरोबर ठरावीक वर्षांचा अनुभव बहुतेक वेळा मागतात. अशा अर्जात आपली अर्हता आणि अनुभव कसा लिहायचा, ते ऐका.

पहिली गोष्ट तारखांची. जाहिरातीत पदवीनंतरचा अनुभव मागितला असेल, तर तो निकालाच्या तारखेपासून मोजायचा आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत. म्हणून शिवाजी विद्यापीठाचं शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक आधी हाताशी घ्या.

दुसरी गोष्ट कामाची. ‘संस्थेत काम केले’ एवढ्यानं तपासणाऱ्याला काय कळणार? समजा एखादी वसतिगृहाची अधीक्षिका आहे. तिनं लिहावं, ‘८० मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, पूर्णवेळ. हाताखाली पाच कर्मचारी. धान्यखरेदी, हिशेब आणि वार्षिक अहवालाची जबाबदारी.’ जाहिरातीत देखरेख, प्रशासन, हिशेब असे जे शब्द असतील, त्यांतलं आपण खरोखर जे केलं ते त्याच शब्दांत लिहायचं. आणि तेच सगळं दाखल्यावर हवं: संस्थेचं नाव असलेला कागद, जावक क्रमांक, पदाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ, पगार, कामाचं स्वरूप, सही, शिक्का. जाहिरातीबरोबर दाखल्याचा नमुना दिला असेल तर तोच वापरायचा.

तिसरी गोष्ट. जाहिरातीतली पात्रता ही किमान असते. ती आहे म्हणजे मुलाखतीला बोलावतीलच असं नाही. अर्ज फार आले तर जास्त शिक्षण, जास्त अनुभव बघून चाळणी लावता येते. तेव्हा एमए झालं असेल, दोन वर्षं जादा असतील, तर लिहायला लाजू नका. आपल्या बायकांना ‘मी काय विशेष केलं’ म्हणायची सवय. पण वाढवूनही लिहू नका. खोटी माहिती सापडली तर उमेदवारी जाते, पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते.

आता मनाला टोचणारी गोष्ट. एमपीएससीच्या सूचना वाचल्या तर अर्धवेळ, तासिका तत्त्वावर, मानधनावर, बिनपगारी केलेलं काम सहसा अनुभवात धरत नाहीत. प्रभारी किंवा अतिरिक्त कार्यभाराचा काळही नाही. म्हणजे सेविकाताईनं वीस वर्षं अंगणवाडी चालवली, तरी मानधनाची म्हणून ती वर्षं तिथं मोजली जात नाहीत. आम्हाला हे पटत नाही. पण अर्ज भरताना ठाऊक असलेलं बरं. तिच्यासाठी दुसरी वाट आहे. सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० च्या २०२२ च्या केंद्राच्या सूचनांत पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभवाच्या सेविकांमधून भरायच्या म्हटलंय, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर. तिथं तीच वर्षं कामी येतात. त्यामुळं नेमणुकीचा आदेश सांभाळून ठेवा, बायांनो.

शेवटी नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकीचीच, याला पुरावा लागतो. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. ती केली नसेल तर करून दाखला घ्या. महिलांच्या ३० टक्के आरक्षणाचा दावाही अर्ज भरतानाच करायचा, मागाहून ऐकत नाहीत. खुल्या गटातल्या महिलांना त्यासाठी लागणारी नॉन-क्रिमीलेअरची अट मे २०२३ मध्ये निघाली. ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या मुलींना मात्र तो दाखला अजून लागतो, आणि लग्न झालेलीचाही आई-वडिलांच्या उत्पन्नावरूनच निघतो.

गटाच्या पुढच्या बैठकीला एवढं करा. नोकरी करणाऱ्या लेकीचा, सुनेचा अनुभवाचा दाखला घेऊन या. सगळ्याजणी मिळून वाचा. तारखा आहेत का? पद आहे का? पूर्णवेळ लिहिलंय का? नसेल तर आत्ताच मागून घ्या, जाहिरात यायची वाट बघू नका. आमच्या गटातली ती पोर आता पुढच्या जाहिरातीची वाट बघतेय. या वेळी दाखला पुरा आहे.

येतो आम्ही. रामराम.