पिल्लू नेमकं कोणत्या देशाचं?

आजचा विषय कायद्याचा आहे, पण गोष्ट आमच्या घरातली आहे.

माझी ताई आणि दाजी तीन वर्षांपासून जर्मनीत आहेत. दोघंही भारतीय. तिथे त्यांना मुलगी झाली. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं, आईने इथूनच पाळणा म्हटला. पण नावांच्या स्पेलिंगच्या घोळात तिचा जन्मदाखलाच मिळाला आठ महिन्यांनी. मी विचारलं, "ताई, पिल्लूच्या पासपोर्टचं काय?" ती म्हणाली, "घाई काय? जन्म इथला, आई-बाप भारतीय. दोन्हीपैकी एक तर मिळेलच ना!"

इथेच गंमत आहे. नागरिकत्व जन्माने मिळतं ते दोन वाटांनी: कुठे जन्मलात, आणि कोणाच्या पोटी जन्मलात. कोणती वाट किती उघडी ठेवायची, ते प्रत्येक देश ठरवतो. जर्मनीत परदेशी आई-बापाच्या बाळाला नागरिकत्व हवं असेल, तर दोघांपैकी एकाचं तिथे किमान पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायमचा राहण्याचा हक्क लागतो. ताईचं गणित तिथेच फसलं.

आणि आपल्याकडे? १९५५चा नागरिकत्व कायदा आहे, पण तो बदलत गेलाय. आमच्याच घरात बघा. बाबा १९६५चे, सोलापूरचे. त्यांच्यासाठी भारतात जन्म एवढंच पुरेसं होतं. मी १९९६चा. १ जुलै १९८७पासून भारतात जन्मलेल्यांसाठी नियम असा झाला, की आई किंवा वडील, एक जण तरी भारतीय नागरिक हवा. माझा चुलतभाऊ २०१०चा. ३ डिसेंबर २००४पासून आई-वडील दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे घर एक, नियम तीन!

परदेशात जन्मलेल्यांचं वेगळं. पूर्वी फक्त वडिलांचं नागरिकत्व धरायचे. आईचंही धरायला लागले ते १० डिसेंबर १९९२पासून. आणि ३ डिसेंबर २००४पासून अट आली: एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंदणी करायची, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं, की केंद्र सरकारची परवानगी लागते.

म्हणजे नोंदणी होईपर्यंत आमचं पिल्लू कागदावर ना इकडचं, ना तिकडचं! हे सांगितल्यावर ताई फोनवर गप्पच झाली. मग दाजींनी सुट्टी काढली, कागद गोळा केले, आणि अकराव्या महिन्यात नोंदणी झाली. पहिला वाढदिवस पासपोर्टसकट झाला.

तुमची ताई, दादा, मैत्रीण परदेशात असेल आणि घरात पाळणा हलणार असेल, तर हा भाग आजच पाठवा. घुगऱ्या नंतर वाटा, आधी तारीख बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!