अतिसंवाहक तारा आणि सांधे



वैशाखातल्या नागपुरात, पारा पंचेचाळिसाकडे धावत असताना, मी आपणांस शून्याखाली २६९ अंशांच्या प्रदेशात नेणार आहे. तिथे हीलियम वायूचे पाणी होते. हॉलंडमधील लायडनच्या कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली ते करून दाखविले, आणि १९११ साली त्या थंडीत पाऱ्याचा विद्युत्-विरोध एकाएकी नाहीसा झालेला त्यांना आढळला. या गुणालाच आपण अतिसंवाहकता म्हणतो.

विरोध नाही म्हणजे तार तापणार नाही. मग हवा तेवढा प्रवाह सोडून प्रचंड चुंबक का करू नये? ओनेस यांनी शिशाच्या तारेचे वेटोळे करून पाहिले. परंतु चुंबकत्व थोडे वाढताच शिशाचा तो गुणच मावळला. या अडचणीतून खरी वाट सापडायला जवळजवळ अर्धशतक लागले.

ती वाट म्हणजे नायोबियम व टायटॅनियम यांचा मिश्रधातू. त्याची कांब तांब्याच्या नळीत घालतात, आणि आपल्या इतवारीतला सोनार तार ओढतो तशी ती लहान लहान भोकांतून ओढत नेतात. त्या तारांची जुडी बांधून पुन्हा तांब्यात घालतात, पुन्हा ओढतात. अखेर एका तारेच्या पोटात केसाहूनही बारीक असे शेकडो तंतू राहतात. कुठे गुण हरपला, तर तेवढ्यापुरता प्रवाह तांबे वाहून नेते व तार वाचते.

आता गंमत पाहा. मधूनमधून तार तापवतात, तेव्हा टायटॅनियमचे सूक्ष्म कण आत निराळे पडतात. एरवी याला आपण धातूतला दोषच म्हणू. परंतु चुंबकीय बलरेषा या कणांशी अडकून राहतात. त्या सरकल्या तर उष्णता निर्माण होऊन सारा खेळ आटोपेल. म्हणजे अगदी निर्दोष तार इथे निरुपयोगी! आपल्या शहरातील रुग्णालयांत एमआरआयची जी यंत्रे आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या चुंबकात अशीच तार असते. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा बहुतंतू तारा आपल्या देशात तयार केल्या आहेत.

तारेत अखंडता हवी. सांध्यात मात्र मुद्दाम खंड पाडायचा असतो. दोन अतिसंवाहकांमध्ये विरोधकाचा अतिशय पातळ पडदा ठेवला, तर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, भिंतीत बोगदा असावा तशा, दाबाशिवाय पलीकडे जातील, असे भाकीत केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९६२ साली केले. पुढच्याच वर्षी प्रयोगाने ते खरे ठरले. १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या सांध्यावर व्होल्टचा हजारावा भाग इतका दाब दिला, की प्रवाह सेकंदाला सुमारे ४८,३६० कोटी वेळा हेलकावे खातो. हा हिशेब इतका चोख आहे, की आज व्होल्टचे प्रमाण त्यावरूनच काढतात.

हा सांधा करतात तो आपल्या परिचयाच्या ॲल्युमिनियमचा. निर्वात पेटीत एक थर बसवायचा, किंचित प्राणवायू सोडून त्यावर गंज चढू द्यायचा, आणि लगेच दुसरा थर. गंजाची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी! तीत अणूचा फरक पडला, तरी प्रवाह अनेक पटींनी बदलतो.

असे सांधे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनतात. त्यांवर उभारलेल्या सहा क्यूबिटांच्या पुंज-संगणकाची चाचणी त्या संस्थेने, पुण्याच्या संरक्षण-संशोधनाच्या तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेबरोबर, २०२४ साली पूर्ण केली. सहा हा आकडा लहान आहे. इतरत्र शेकड्यांनी मोजतात. मग याचे कौतुक कशासाठी, असे आपण विचाराल.

श्रोतेहो, सूत्र पुस्तकात मिळते, यंत्र पैशाने मिळते. पण गंज कोणत्या क्षणी थांबवावा हे हाताला कळावे लागते, आणि तो हात शंभर सांधे फुकट घालविल्यावाचून तयार होत नाही. आपण केवळ गिऱ्हाईक राहिलो, तर यंत्र बिघडताच विकणाऱ्याच्या दारी उभे राहावे लागेल. हीलियमसाठी तर आजही आपण परदेशाकडेच पाहतो. म्हणून आपल्या मुलाने प्रयोगशाळेत काही बिघडविले, तर रागावण्यापूर्वी, त्यातून तो काय शिकला एवढे अवश्य विचारा.