जुना टायगर, नवा टायगर: डब्यावरचं चित्र नको, मोल्डचं वय बघा

दिवसभर कोड लिहिणारा माणूस रात्री चिमटा घेऊन रणगाड्याची चाकं चिकटवत बसतो, हे कळल्यावर ऑफिसातले लोक हसतात. हसू देत. आजचा भाग त्याच छंदाबद्दल आहे. तुमच्यापैकी ज्यांना पहिलं प्लास्टिक किट घ्यायचंय, त्यांनी पैसे देण्याआधी हे ऐकाच.

गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरी एकाच रणगाड्याची दोन किट्स बांधून झाली. रणगाडा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर-१. एक किट १९६०च्या दशकातल्या मोल्डमधून आजही निघणारं, दुसरं अलीकडच्या नव्या मोल्डचं. माझ्या डब्यांवरच्या ब्रँडची नावं मुद्दाम सांगत नाही, कारण फरक ब्रँडचा नाहीच. फरक आहे मोल्डच्या वयाचा.

आधी स्केल समजून घेऊ. जुनं किट १:७६ आहे, नवं १:७२. हे आकडे आले कुठून? १:७६ आलं ब्रिटनच्या खेळण्यातल्या रेल्वेकडून. तिथे एका फुटाला ४ मिलिमीटर असा हिशोब होता. १:७२ आलं विमानांच्या मॉडेल्सकडून, सहा फुटांना एक इंच. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण टायगरचं धड, म्हणजे तोफेची नळी सोडून, साधारण ६.३ मीटर लांब. १:७६ मध्ये ते ८३ मिलिमीटर होतं आणि १:७२ मध्ये साडेसत्त्याऐंशी. लांबी-रुंदी-उंची तिन्ही धरलं तर नवा टायगर जवळपास १८ टक्के जास्त जागा व्यापतो. दोन्ही शेजारी ठेवले की लगेच कळतं. त्यामुळे एकाच देखाव्यात ही दोन स्केल मिसळू नका.

आता मोल्डकडे येऊ. इथे माझ्यापेक्षा माझे बाबा जास्त जाणकार. ते भोसरीला टूलरूममध्ये डायमेकर होते, आता रिटायर झालेत. जुन्या किटची स्प्रू, म्हणजे सगळे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात ती, त्यांनी हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "डाय झिजलीये रे ही. कडेला फ्लॅश बघ." फ्लॅश म्हणजे मोल्डच्या दोन अर्ध्या भागांच्या फटीतून बाहेर आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तो ब्लेडने खरवडावा लागतो.

मग त्यांनी मला समजावलं की त्या काळात असं टूल कसं बनायचं. आधी मूळ वस्तूपेक्षा नाही, पण किटपेक्षा मोठा लाकडी नमुना कोरायचा. मग पँटोग्राफ मशीनची एक टोकाची सुई त्या नमुन्यावर फिरवायची, आणि दुसऱ्या टोकाचं कटर तोच आकार लहान करून पोलादात कापणार. कॅड नाही, थ्रीडी स्कॅन नाही. ड्रॉइंग जेवढं बरोबर, नमुना कोरणाऱ्याचा हात जेवढा स्थिर, तेवढा रणगाडा बरोबर. शिवाय साधा मोल्ड एकाच दिशेने उघडतो. त्यामुळे उभ्या बाजूंवर बारीक काम घेता येत नाही. म्हणून जुन्या किटमध्ये फावडं, दोरखंड, हॅचचे दांडे हे सगळं पृष्ठभागावरच उंचवट्यासारखं कोरलेलं असतं.

नव्या किटचं टूल संगणकावर डिझाइन होतं. काही कंपन्या स्लाइड मोल्ड वापरतात, म्हणजे मोल्डचे काही भाग बाजूनेही सरकतात. त्यामुळे तोफेच्या नळीचं तोंड खरोखर पोकळ येतं, ड्रिल करावं लागत नाही. उचलायचे दांडे सुटे मिळतात.

सगळ्यात मोठा फरक ट्रॅकमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यात. जुन्या किटचा ट्रॅक मऊ पॉलिथीनचा, रबरबँडसारखा. त्याला किटचा नेहमीचा गोंद लागत नाही आणि रंगही टिकत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक तापवून खुंट्या वितळवायच्या आणि दोन टोकं जोडायची, अशी त्याची रीत. शिवाय तो ताणलेला राहतो. खऱ्या टायगरचा ट्रॅक जड, तो वरच्या बाजूने सैल पडून चाकांवर टेकतो. नव्या किट्समध्ये बऱ्याचदा कडक प्लास्टिकचे तुकडे येतात. वर-खाली लांब पट्ट्या आणि वळणावर एकेक कडी. ते बसवलं की ट्रॅकला हवी तशी झोळ येते.

एवढं ऐकून वाटेल की निकाल लागला, नवं तेच चांगलं. थांबा. कारण नव्या किटचे दांडे एवढे बारीक की चिमट्यातून उडाले तर फरशीवर शोधायला टॉर्च लागतो. बाबांचं वय ६३. ज्यांनी आयुष्यभर शतांश मिलिमीटरमध्ये काम केलं, त्यांची बोटं आता सकाळी आखडलेली असतात. नव्या किटचे दोन दांडे बसवून ते शांतपणे उठले आणि बाल्कनीत जाऊन बसले. काही बोलले नाहीत. मला मात्र ते लागलं.

दुसऱ्या दिवशी जुनी स्प्रू मी त्यांच्यापुढे ठेवली. भाग मोजके आणि मोठे. फ्लॅश खरवडणं, फटी पुट्टीने भरणं, पॉलिश पेपर मारणं, ही तर त्यांचीच कामं. आठ दिवसांत त्यांचा टायगर उभा राहिला. दांडे कोरीवच होते, ते त्यांनी ब्लेडने काढून टाकले आणि तांब्याच्या तारेचे नवे वाकवून लावले. तार जाड, बोटांत धरता येते. नव्या किटला बारीक भाग बसवायला बारीक नजर लागते. जुन्या किटला हाताचं कसब लागतं, ते बाबांकडे अजून आहे.

खऱ्या वस्तूशी ताडून बघायचं असेल तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे टायगर नाही. चालू स्थितीतला टायगर बघायला इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला जावं लागेल. पण नगरला शेरमन, सेंच्युरियन, आपला विजयंता आहेत. ओतीव टरेटचा खरखरीतपणा एकदा जवळून बघा. तो छोट्या स्केलच्या किटमध्ये क्वचितच सापडतो, नव्यातसुद्धा. तो आपणच पातळ पुट्टी ब्रशने ठोकून आणायचा असतो.

आता कामाचं. डब्यावरचं चित्र नवं म्हणजे किट नवं नाही. एअरफिक्सचंच बघा. १९६१ मध्ये त्यांनी १:७६ मध्ये रणगाडे काढायला सुरुवात केली. कंपनी १९८१ मध्ये बुडाली, मालक बदलत गेले, २००६ मध्ये हॉर्नबीने ती घेतली. मधली काही वर्षं त्यांच्या काही डब्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं असायचं. एवढ्या घडामोडींत जुनी टूल्स टिकली. आज ती किट्स 'व्हिंटेज क्लासिक्स' नावाने मिळतात, म्हणजे नावातच वय सांगितलंय. सगळेच डबे एवढं स्पष्ट सांगत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी स्केलमेट्स या साइटवर किटचा नंबर टाका. मोल्ड पहिल्यांदा कधी बनला आणि पुढे किती डब्यांतून फिरला, ते तिथे बहुतेक वेळा दिसतं.

मग घ्यायचं कुठलं? डब्यातून काढून सरळ अचूक रणगाडा हवा असेल आणि नजर-बोटं साथ देत असतील, तर नवं घ्या. कापाकापी करून काही स्वतःचं घडवायचं असेल, किंवा घरातल्या लहान-मोठ्याला सोबत घेऊन बसायचं असेल, तर जुनं घ्या. फक्त जुन्या मोल्डला नव्याचे पैसे देऊ नका.

पुढच्या भागात रंगकामाबद्दल बोलू. एअरब्रश नसताना, साध्या ब्रशने. तो भाग बाबाच सांगणार आहेत, मी फक्त माइक धरणार. तुमचे प्रश्न पाठवून ठेवा. भेटू!