कागद परत आला, जंगल गेलं नाही
(वनहक्क मेळाव्यातील भाषण)



सामूहिक वनहक्काचा दावा परत आला म्हणून काही गावं खचली आहेत. बाबांनो, बायांनो, कागद परत आला, जंगल जागेवरच आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवा. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला. तरी बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. तेही आपल्यासारखेच, मोह वेचणारे, तेंदू तोडणारे. चिकटून राहिले, एवढंच.

दावा नाकारला तर लेखी कारण मागा. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. पुरावा नाही असं म्हणू नका. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हा कायद्यानं पुरावाच आहे. मात्र एक पुरावा पुरत नाही, दुसरा जोडा: देवराई, तळं, मसणवट.

आणि कचेरीत एकटे जाऊ नका. नुसतं ‘धीर धरा’ म्हणून आम्ही घरी बसणार नाही. ग्रामसभा बोलवा, निरोप धाडा. आमची चार माणसं भाकर बांधून तुमच्यासोबत येतील.